फट

थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
आमच्याकडे तळं आहेच,
सव्वा मैल लांब, आणि त्यात दर उन्हाळ्यात
निदान एक चष्मा बुडतो.
साचायचंय ते छप्पर.

फेब्रुवारी. सिनेगॉगचं तळघर.
गोल्डी प्लॉटकिनच्या पुढ्यात वही, माझ्या पुढ्यात फोन.
एरवी मी गाद्या विकतो.
लोकांच्या पाठीबद्दल तासभर बोलेन,
खिशाबद्दल बोलताना जीभ जड होते.

यादी अशी:
जेवणघर, अडीच लाख डॉलर, नाव पितळी अक्षरांत.
होड्यांचा धक्का, चाळीस हजार.
बर्चच्या झाडांखालची प्रार्थनेची बाकं, प्रत्येकी अठराशे.
आम्ही मागतो ते अठराच्या पटीत;
आमच्या अक्षरांची बेरीज केली
तर अठरा म्हणजे जगणं.
(अडीच लाख त्यात बसत नाहीत, गोल्डीने लगेच दाखवलं.)
आणि तळाशी, बारीक टाइपात, मुलींकडचं बाथरूम.
त्याला नाव द्यायची किंमतच कुणी लिहिली नव्हती.

एकाने विचारलं, ते बार्लीचं सूप अजून करता का?
हो म्हटल्यावर फोन ठेवला.
एकजण तीन वर्षांपूर्वीच गेलेला;
त्याची बायको पाऊण तास बोलली, त्याच्या वल्हवण्यावर,
आणि शेवटी छत्तीस डॉलर.
गोल्डीने तो आकडा दोनदा गिरवला.
पेन नीट चालत नाही, म्हणाली.
एका वकिलाला जेवणघरावर नाव हवं होतं,
भावाच्या नावापेक्षा अर्धा इंच वर.
दिलं. छप्पर गळत असताना
अर्धा इंच मान झुकवायला आपलं काय जातं.

रात्री नऊला तिर्झा लिपकिन, डुलुथहून.
औषधं मोजून देणाऱ्या बाईचा आवाज.
"बाथरूमचे किती?"

मी यादी उलटी करून पाहिली.

"चौऱ्याहत्तर साल. मी नऊ वर्षांची.
दिवे मालवले की शेवटच्या संडासात जाऊन
कडी लावून रडायचे.
दुसऱ्या केबिनमधली एक मोठी मुलगी
बाहेर ओल्या फरशीवर येऊन बसायची.
विचारायची काही नाही.
टॉर्च दाराखालच्या फटीशी धरायची,
उजेड माझ्या सपातांवर पडायचा.
अशा अकरा रात्री.
बाराव्या रात्री मला झोप लागली.
तिला सांगायचं राहिलं.
ती किती वेळ बसली असेल त्या रात्री,
अजून मोजते आहे."

नाव काय लिहू, मी विचारलं.
"फ्रेडल. आडनाव माहीत नाही.
कोपरावर खपली होती.
माझं नाव नको."

समितीत अध्यक्ष खाकरले.
संडासाच्या दारावर पाटी? लोक हसतील.
गोल्डीने वही मिटली.
गेल्या चौदा वर्षांत तिने
मीटिंग संपायच्या आधी वही मिटली नव्हती.
ठराव झाला.

जूनमध्ये गादीमागे नफा न घेता चाळीस गाद्या घेऊन गेलो.
नव्या लाकडाचा वास, डास तेच.
शुक्रवार होता; पोरं पांढरे शर्ट घालून
ओल्या केसांनी उताराकडे धावत होती,
तळ्यावर लून पक्षी आपलं जुनं रडगाणं लावून बसलेला.

पाटी दाराच्या अगदी खाली लावलीय,
फरशीवर बसलेल्या पोरीच्या डोक्याच्या उंचीवर.
दोनच शब्द:
फ्रेडल बसायची.

सुतार शेवटचं दार बसवत होता,
कारखान्यातून आलेलं, जमिनीपर्यंत पुरं.
मी म्हटलं, खालून दोन बोटं काप.
तो म्हणाला, गार वारा येईल.
येऊ दे, म्हटलं.