हा आणि ना

मकरपुऱ्यात, कास्टिंग शेडच्या वरच्या केबिनमध्ये
पंखा माझ्यावर कमी, प्रिंटरवर जास्त फिरतो.
सोमवारी ऑडिट. अमीनसाहेबांना हवा आहे
भट्टीपासून ट्रकपर्यंतचा सगळा प्रवास
एका कागदावर,
बाणांनी जोडलेला, बाणाबाणाला नाव दिलेला.

चौकट काढायला काही लागत नाही.
तिच्यावर दोनदा टिचकी मारली
की आत एक उभी रेघ लुकलुकत राहते,
दारात थांबून "बोला" म्हणणाऱ्या माणसासारखी.

मी लिहिते: वितळवणे. ओतणे. निववणे.
मग आठवतं, हे खाली शेडमध्ये टांगायचंय,
आणि खाली मराठी वाचणारी मी एकटीच,
तीही जेवणाच्या सुट्टीत, सेव-उसळीचा डबा घेऊन.
पुसते. गुजरातीत लिहिते.

गुजराती अक्षरं उघड्या डोक्यानं येतात,
जागा मिळेल तिथे टेकतात.
मराठीला आधी दोरी बांधावी लागते,
मग एकेक शब्द वाळत घालायचा;
आणि आठच्या फॉन्टमध्ये वेलांटी छताला धडकते,
रफार कापला जातो,
दर्जाचा दजा होतो.

प्रश्नासाठी शंकरपाळ्याचा आकार असतो.
त्यातून दोन बाण. एकावर हा, एकावर ना.
होय, नाही. एवढंच.
पण दांडिया बाजारातल्या घरी शिकलेल्या माझ्या डोळ्यांना
आधी दिसतो हा: बोट दाखवून, हाच तो.
आणि ना:
बस ना. थांब ना जरा.

शंकरपाळ्याच्या पोटात काय लिहायचं
ते विचारायला खाली उतरले.
जेसंगभाई बोटाएवढ्या हातोडीनं
व्हॉल्व्हवर टक् करतात, मान कलती करतात,
"बोले छे," म्हणून पुढे ढकलतात.
एक बद्द वाजला.
तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडे ठेवला,
इतरांना ऐकू जाऊ नये असा.

याला काय म्हणायचं, मी विचारलं.
"एमां कहेवानुं शुं? सांभळवानुं."
म्हणायचं काय त्यात, ऐकायचं.
कळलं होतं मला. तरी अठरा पायऱ्या चढेपर्यंत
सांभाळायचं, सांभाळायचं, असंच कानात वाजत राहिलं.

लिहिलं: सांभळवुं. जाड अक्षरात, मधोमध.

अमीनसाहेबांनी पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.
यंत्र येतंय जुलैमध्ये, म्हणाले, त्याचं नाव टाक.
नाव लांबलचक. चौकटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर.
अक्षर सहावर आणलं, ओळ मोडली,
शेवटचं अक्षर तरी खाली एकटं लोंबत राहिलं.
साहेबांना चाललं.

जुना शब्द कापला होता. पुसवेना.
कोऱ्या जागेत टाकला, कशालाच न जोडता,
राखाडी रंगात.
मग "आपोआप मांडा" दाबलं.
सगळ्या चौकटी शाळेच्या रांगेसारख्या सरळ झाल्या,
बाणांनी कोपरे घेतले, नावं आपापल्या बाणांमागे पळाली.
तो शब्द तिथेच.
ज्याला काही चिकटलेलं नसतं
त्याला हे सॉफ्टवेअर हलवत नाही.

ऑडिटरनं शिक्के पाहिले, तारखा पाहिल्या, चहा घेतला.

मंगळवारी कागद प्लास्टिकमध्ये बसून शेडमध्ये लागला.
जेसंगभाई भट्टीपासून वाचत निघाले,
काळं झालेलं बोट बाणांवरून सरकवत.
शंकरपाळ्यापाशी बराच वेळ थांबले.
मग बोट रेघ सोडून
खाली कोपऱ्यात गेलं.

"आ रही गयुं? काढवानुं छे?"

"ना," मी म्हटलं.
जरा लांबवूनच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान कलती करून.
मग पुढच्या व्हॉल्व्हकडे वळले.