खात्यापित्या घरची

काटा आधी शून्यावर आणते, मग म्हणते, चप्पल काढ.
यारेत्सी चप्पल काढते, रिबीन सोडते,
केसांतली पिनसुद्धा टेबलावर ठेवते
आणि काट्यावर चढून छताकडे बघत राहते.
वय अकरा. वजन अठ्ठावन्न.
रकान्यात लाल शाई.

बाकावरची म्हातारी कौतुकानं म्हणते,
खात्यापित्या घरची दिसते पोर.

खात्यापित्या घराचं सांगते.
मेक्सिको शहराच्या पूर्वेला, आटलेल्या तळ्याच्या चिखलावर
ही तेहोकोते वस्ती.
नळाला पाणी गुरुवारी, आलं तर.
पिवळं, कुजक्या अंड्याच्या वासाचं.
त्यानं फरशी पुसायची.
प्यायचा जार बेचाळीस पेसोंना, रोख,
आणि जिना चढवणाऱ्याचे पाच वेगळे.
कोपऱ्यावर तीन लिटरची कोलाची बाटली,
थंडगार,
दुकानदार वहीत लिहून घेतो.
जारवाला वही ठेवत नाही.

आई, ओबदुलिया, पहाटे चारला निघते,
तीन बस बदलून दुसऱ्यांची कचेरी पुसते.
बाहेरून कडी. आत यारेत्सी, धाकटा नाबोर,
टीव्ही, आणि तेलकट चिप्सची पुडी,
जी फोडायला गॅस पेटवावा लागत नाही.
मैदान आहे, दोन गल्ल्यांवर.
ऑक्टोबरात तिथे गोळी चालली.
पोलिसांची पिवळी फीत उन्हानं विरून गळून पडली,
तरी चेंडू परतला नाही.

राजधानीतून छापून आलेला कागद मी ओबदुलियाला वाचून दाखवला:
दिवसाला आठ पेले पाणी,
ताटात पाच रंग,
संध्याकाळी तासभर मोकळ्या हवेत खेळ.
तिनं हुज्जत घातली असती तर बरं वाटलं असतं.
कागदाची चौघडी करत तिनं एवढंच विचारलं,
बाई, हे आठ पेले
एकीचे, की घराचे?

तिचं पहिलं मूल वाळून वाळून गेलं, दीड वर्षाचं.
हे मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.
रात्री कामावरून आल्यावर
ती झोपलेल्या यारेत्सीचा दंड चाचपते.
भरलेला लागला, की मगच दिवा घालवते.
त्या दंडाला मी लाल शाईत काय म्हणू?

मी महामार्गापलीकडे राहते.
माझा भाचा यारेत्सीच्याच वयाचा,
तसाच गोड पाव खातो, एखादा जास्तच.
पण आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे लागतात
आणि तो अंधार पडला तरी सायकलवरून उतरत नाही.
त्याच्या आईला सगळे म्हणतात,
मुलाला शिस्त छान लावलीस हो.

फेब्रुवारीत एकदा औषधांची गाडी उशिरा आली.
दवाखाना रिकामा. बाहेर कसलासा आवाज.
व्हरांड्यात यारेत्सी दोरीवरून उड्या मारत होती.
दोरी कसली, सलाइनच्या नळ्या गाठी मारून जोडलेल्या,
कचऱ्याच्या डब्यातून उचललेल्या.
मी ओरडले. हात धुवायला लावले.
मग गोदामातली सुतळी कापून दिली.

तेव्हापासून पाचला कुलूप लावायचं ते मी साडेसहाला लावते.
व्हरांडा चौदा पावलांचा. गुळगुळीत फरशी, दार आतून बंद.
ओबदुलिया सकाळी किल्ली शेजारणीकडे ठेवून जाते आता.
आधी दोघं यायची, मग पाच,
परवा मोजायचं राहिलं.
डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली आहे:
हे आरोग्य केंद्र आहे, अंगण नव्हे.
खुलासा द्यावा.

खुलासा अजून लिहिला नाही.
मार्चात पुन्हा काटा. अठ्ठावन्न पूर्णांक चार.
लाल शाई तशीच.
उंची मात्र दोन बोटं वाढली होती.
ती मी दोनदा मोजली, दुसऱ्या वेळी
उगीचच.
यारेत्सी छताकडे बघत नव्हती.
दाराबाहेर सुतळी फरशीवर आपटत होती
आणि ती ओठांतल्या ओठांत
दुसऱ्या कुणाच्या तरी उड्या मोजत होती.