शीटच्या मागच्या बाजूला

स्कोअरशीटवर रिबाउंडला रकाना नसतो.
गुण लिहायचे, फाउल लिहायचे, टाइमआउट खोडायचे,
शेवटी पंचांची सही.
मी टेबलावर बसायचो, कारण मला खेळता येत नव्हतं
आणि अक्षर बरं होतं.

सुकेशिनी नारनवरे, जर्सी अकरा,
बी. ए. प्रथम वर्ष, राहणार इंदोरा.
उंची काही फार नाही. पाच फूट सहा,
तेही केस वर बांधले तर.

धरमपेठेतलं ते सिमेंटचं मैदान.
एप्रिलमध्ये चार वाजता बादलीनं पाणी मारलं
की जमीन चर्र करायची तव्यासारखी.
पूर्वेची रिंग अंगठाभर डावीकडे कललेली,
रात्री पोरं लोंबकळायची तिला.
माहीत सगळ्यांना होतं.
लक्षात फक्त तिच्या राहायचं.

बॉल हातातून सुटला की नऊ जणी वर बघायच्या,
जाऊ दे, किंवा जाऊ नको दे.
ती बघायची टाकणारीचं मनगट.
किती चुकणार, कोणत्या अंगानं,
एवढं ठरवून पाठ लावून उभी राहायची,
दार आतून रेटून धरावं तशी.
मग दोन्ही हात.
बॉलवर तळवे बसल्याचा तो आवाज,
ओली चादर झटकल्यासारखा.

मी शीट उलटून पेन्सिलीनं रेघ मारायचो.
चार उभ्या, एक आडवी.
कोणी सांगितलं नव्हतं.

एकोणीस, अमरावतीविरुद्ध.
बावीस, गोंदियाच्या पोरींनी नख उपटलं त्या दिवशी.
भोपाळला सव्वीस, आणि आम्ही हरलो,
आणि तिचे स्वतःचे गुण दोन.
पेपरात फोटो हर्षाली देवपुजारीचा.
"तिचं हुकते म्हणून त माहं चालते ना बे,"
सुकेशिनी म्हणाली, तर्रीत पोहे कालवत.

खेळाडू कोट्याची मुलाखत अजनीला होती.
साहेबांनी विचारलं, चार वर्षांत किती गुण?
एकशे चौदा.
एका वर्षाचे?
नाही सर. चारही.
मी बाहेरच्या बाकावर, मांडीवर एकसष्ट कागद.
आत बोलावलं. साहेबांनी वरचा कागद उलटा केला,
रेघांवरून बोट फिरवलं, बऱ्यापैकी प्रेमानं,
आणि म्हणाले, यावर शिक्का कुठाय?

परतीच्या ऑटोत ती गप्प.
लोहापुलाखाली एवढंच विचारलं,
"एकूण किती झाले होते?"
मी बेरीजच केली नव्हती.

रात्री केली. नऊशे अठ्ठ्याहत्तर.
सांगायला गेलो तर तिचं काम सुरू झालेलं,
गांधीबागेत, औषधांच्या ठोक दुकानात.
शिडीवरून पोऱ्या खोकी टाकायचा,
ती बिल वाचता वाचता झेलायची.
आकडा ऐकून म्हणाली, "बरं."
पुढचं खोकं झेललं.

परवा दिसली त्याच मैदानाशी,
जाळीबाहेर, स्कूटर स्टँडवर, हेल्मेट कोपरात.
आत कोणाची तरी बारकी पोरगी
पूर्वेच्या रिंगवर बॉल मारत होती.
बॉल सुटायच्या आत
सुकेशिनीचा डावा पाय अर्धा पाऊल सरकला.

बॉल उजवीकडे पडला.

ती जरा वेळ रिंगकडे बघत राहिली.
"बदलली वाटते रे यांनी.
सरळ बसवली आता."
हेल्मेट घातलं. किक मारली.
तीनदा मारावी लागली.