अकरा किलोमीटर

रात्री दोनला मी बोगद्यात उतरतो.
वर समुद्र, समुद्रावर काळोख,
काळोखात कुठेतरी उभ्या मेंढ्या.
पिवळं जाकीट, हातात टॉर्च, कानाशी पंख्यांची घरघर.
भिंती बघणं हे माझं काम:
कुठे ओल धरली, कुठे फुगली, कुठे खपली निघाली.
सतरा वर्षं हेच.
पाणी झिरपतंच. दोन बेटं जोडायची म्हटली
की तेवढं धरूनच चालावं लागतं.

म्हणून तोर्शहाव्नच्या इस्पितळात
डॉक्टर तुरींनी मला डाव्या कुशीवर वळवलं,
कॅमेरा आत सरकवला,
आणि पडद्यावर माझाच ओला, गुलाबी रस्ता उजळला
तेव्हा मी आधी भ्यालोच नाही.
ओळखीचं वाटलं.
लहान आतड्याच्या शेवटच्या वळणावर त्या थांबल्या.
तिथे रस्ता अरुंद झालेला,
उखडलेल्या फरसबंदीसारखी सूज.
अर्धवट गुंगीत मी विचारलं, किती दिवस बंद ठेवावा लागेल?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, बंद ठेवता येत नाही, रेगिन.
वाहतूक चालू ठेवूनच दुरुस्ती.
आणि दुरुस्ती संपायची नाही.

बंदरावर टुम्मासला सांगितलं, मला क्रोन आहे.
त्याला ऐकू आलं क्रोना.
म्हणाला, किती? थोडे उसने दे.
दोघं पोट धरून हसलो.
मग मी नुसतंच पोट धरलं.

त्याआधीच्या हिवाळ्यात चौदा किलो गेले होते
आणि मी पट्ट्याला खिळ्यानं भोकं पाडत होतो.
पोटात ठेवायची आमच्या घराची जुनी सवय.
बुडालेल्या भावाचं नाव
वडिलांनी मरेपर्यंत पोटातच ठेवलं.

बोगद्यात फोन आहेत, आग विझवायची नळकांडी आहेत,
समुद्राच्या तळाशी एक गोल चौकसुद्धा आहे.
संडास नाही.
एका रात्री त्या चौकापाशी मी पोहोचलो नाही
आणि पिकअपमध्ये पहाटेपर्यंत बसून राहिलो,
कुणाच्याही दिव्यांत येऊ नये म्हणून.
मारियुननं काही विचारलं नाही.
दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या पिशवीत
खाली घडी घातलेली एक पँट असते.
आतड्याचं माणूस म्हणतात ते बहुधा याला.
माझं स्वतःचं आतडं तर
माझ्यावरच उलटलं होतं.

दर आठ आठवड्यांनी खिडकीपाशी खुर्ची, हातात सुई,
थेंब, थेंब, दोन तास.
शेजारच्या खुर्चीत वॉर, वय पंधरा,
दोन ऑपरेशनं झालेली, मांडीवर बीजगणित.
पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली,
गोळ्यांनी तोंड सुजलंय तुझं, उतरेल.
मका खाऊ नकोस. खाल्लास तर चाव.
मी विचारलं, चांगले दिवस किती मिळतात?
तिनं पेन्सिल कानावर अडकवली.
मी मोजत नाही, वापरते.
मग परत समीकरणाकडे.

नाताळात सगळ्यांच्या ताटात वाऱ्यावर वाळवलेलं मटण,
माझ्या ताटात उकडलेला मासा, बटाटा.
जेवणं झाल्यावर मी एकटाच शेडमध्ये जातो,
फळ्यांच्या फटींतून वारा शिट्ट्या घालत असतो,
टांगलेल्या मांडीला नाक लावून उभा राहतो.
तेवढं चालतं.
गेल्या वर्षी तेही चाललं नव्हतं,
वासानंच मळमळलं, शेडच्या मागे वाकलो,
आणि एक मेंढी अगदी शांतपणे बघत राहिली.

आज भिंतीवर तळहाताएवढी नवी ओल.
कडेनं खडूची रेघ ओढतो, आत तारीख.
पुसायची नाही. पुढच्या वेळी कळतं,
ती वाढली की तिथेच थांबली.
घरी कॅलेंडरवर मी आता तसंच काहीतरी करतो.
रेडिओवरून पोरगा विचारतो, सगळं ठीक?
सांगतो, ओल आहे. रस्ता चालू आहे.

सहाची पहिली बस येते,
दिवे माझ्या जाकिटावरून सरकतात,
आतली माणसं पेंगलेली, काचेला डोकं टेकून.
मी पिकअपचं दार उघडतो,
केळं सोलतो,
सावकाश चावतो.