ढे

आईचं नाव पाच अक्षरांचं होतं.
इ दिलं नाळ कापणारीनं.
सा मावशीनं, पहिला हिवाळा निभला तेव्हा.
ढे त्या घरानं, ज्याच्याशी पाटाच्या पाण्यावरून
तीन पिढ्यांचं वैर.
खेउरात तशीच रीत: तिसरं अक्षर
वैऱ्याच्या दारात जाऊन मागायचं,
उघड्या डोक्यानं, रिकामं भांडं पुढे करून.
त्याला नाही म्हणता येत नाही.
देण्याआधी शिवी मात्र हासडता येते.
रु मेंढ्या राखणाऱ्याचं.
नै तिनं स्वतःच लावून घेतलं, चौदाव्या वर्षी,
कुणाला न विचारता.

इसाढेरुनै.

वर डोंगरात शब्द वाऱ्यापलीकडे पोचवावा लागतो,
म्हणून तिथे स्वर ताणतात.
मीठ मागितलं तरी
दरीत कुणी हरवल्यासारखं वाटतं.

आमच्या दलदलीत उलटं.
डास इतके की ओठ उघडायची सोय नाही.
आम्ही नाकातून बोलतो, शब्दाशब्दाला म चिकटतो,
आणि नावाला एक अक्षर पुरतं.
मी अम. बाप नुम. शेजारी आणखी तीन अम;
कोणता हवाय, ते हाक मारणाऱ्याच्या
कपाळाकडे बघून ओळखायचं.

लग्न करून ती थाउ नदीनं खाली आली.
पहिल्या उतारावर नावाड्यानं नै गिळलं.
दुसऱ्यावर जकातदारानं इ गाळलं,
ओळीत मावेना म्हणून.
ढे सासूनं काढून टाकलं:
आमच्या बोलीत ढे म्हणजे
माशाची आतडी, तीन दिवसांची.
उरली सारुम.
चाळीस वर्षं सारुमला ओ देत राहिली.
एकदाच, उकळतं तेल हातावर सांडलं तेव्हा,
स्वतःलाच पूर्ण नावानं ओरडली.
मी दारात जाऊन पाहिलं, पाहुणी कोण आली.

ती गेल्यावर मामाचा निरोप:
अक्षरं उसनी होती. परत आण.

नाळ कापणारीच्या नातीनं इ घेतलं
कान पुढे करून, दळण मापून घ्यावं तसं.
सा मावशीच्या थडग्यावर ठेवलं.
मेंढपाळ ठार बहिरा;
रु त्याच्या तळहाताला ओठ लावून म्हटलं.
नै कुणाचंच नव्हतं. ते माझ्याकडेच राहिलं.
जो तो विचारी, तुझं नाव?
अम.
बाकीचं कुठे ठेवलंस?
एवढंच, म्हटलं की गप्प होत,
आणि भाकरी जास्तीची वाढत.

वैऱ्याचं दार शेवटी.
ओखातेविधौ उंबऱ्यावर बसलेला.
बाप अंथरुणात म्हणून ढे यानंच दिलं होतं,
वयाच्या सातव्या वर्षी.
"आण," म्हणाला.
मी म्हटलं, मे.
"हे माझं नाही."
म्हे. डे. न्धे.
"तोंड उघड. इथे डास नाहीत."

सावली अंगण ओलांडून गेली.
त्याची सून दिवा लावून, हसू दाबून आत पळाली.
कधीतरी थुंकीसकट एक ढे बाहेर पडलं.
त्यानं डोळे मिटून ऐकलं.
"कोरंच आहे की.
चाळीस वर्षं कुणी हात लावला नाही.
असलं मी परत घेत नाही."
आणि मला सणसणीत शिवी हासडली.
शिवी कळली नाही, डोंगरी होती, लांबच लांब.
मामा मात्र धडपडत उठला,
माझ्या डोक्यावरची टोपी ओढून काढली
आणि कुणाचं तरी भांडं माझ्या हातात कोंबलं.

परतीच्या उतारावर जकातदारानं विचारलं, नाव?
अमढे, म्हटलं.
नावेतल्या दोन बायांनी नाकाला पदर लावला.
त्यानं बोरू थांबवला. पुन्हा सांग.
मी तोंड चांगलं उघडलं.
एक डास आत गेला.