पाठीवरून पाठीमागे

मार्चमध्ये ग्वेंडा प्रॉसरचा उजवा खुबा बदलला.
पुन्हा जिना चढायला तिला मीच शिकवलं:
वर जाताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा आधी खाली.
सहाव्या आठवड्यात तिनं विचारलं,
आणि घोड्यावर?
मी पट्टीनं तिचा गुडघा मोजत राहिले.
तिनं पुन्हा विचारलं नाही.
आयड्रिस बेव्हनला फोन केला फक्त.
किंग्टनच्या वरच्या अंगाला त्याचं शेत,
शेडमध्ये दोन चाकांचा जुना टांगा,
त्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

टॅन्सी तेरा वर्षांची, तपकिरी, एक पाय पांढरा.
तिच्या लेखी माणूस म्हणजे
पाठीवरचं एक ऊबदार वजन,
मांड्यांचा होकार, टाचेचा हलका नकार.
आता वर कुणीच नाही.
आवाज येतो मागून,
आणि लगाम धुण्याच्या दोरीएवढे लांब.
पहिल्या दिवशी दर चार पावलांवर थांबून
मान वळवून बघायची
आम्ही आहोत ना अजून.

मग झापडं लावली. बघणंही गेलं.
"दिसलं की पळतात," आयड्रिस म्हणाला,
"दिसलं नाही की ऐकतात."
मला ते पटलं नव्हतं.
अजूनही नीटसं पटलेलं नाही.

मे महिन्यात छातीवर पट्टा आला.
तेव्हा कळलं, ओढणं असं काही नसतंच,
सगळं ढकलणं असतं, छातीनं,
पुढच्या रिकाम्या हवेत.
"सप्टेंबरात जमेल?" ग्वेंडा कुंपणापाशी काठी टेकून.
घोडामैदान तर समोरच होतं,
पण घोट्याएवढ्या चिखलाचं.

टायर आधी मी ओढला.
कमरेला दोर बांधून, खडीवरून,
तिच्या डावीकडून, उजवीकडून, मग मागून,
खरखर खरखर, आठवडाभर.
पोस्टमननं गाडी थांबवून हात केला.
साताऱ्याच्या आईला काय सांगणार फोनवर?
वरातीमागून घोडं ठाऊक होतं,
हे घोड्यामागून टायर, आणि टायरपुढे मी.

मग दोर तिच्याकडे गेला.
तीन पावलं. चार.
टायर दगडावर आपटला आणि ती उडालीच,
आयड्रिसची टोपी एकीकडे, शिव्या दुसरीकडे,
आणि माझ्या तोंडून निघालं ते घरचं:
"थांब, थांब गं बाई, काही नाही, काही नाही."
ती थांबली.
थरथरत, फुरफुरत, पण थांबली.
त्या दिवसापासून "व्हो" म्हटलं तर ऐकते कधी कधी,
"थांब" म्हटलं तर नेहमी.
ग्वेंडाला "थ" जमत नाही. "टाम" म्हणते.
टॅन्सी एवढं चालवून घेते.

सप्टेंबर नाहीच जमला. ऑक्टोबरचा दुसरा रविवार.
टांगा धुतला तरी पिसं निघत होती फटींतून.
ग्वेंडा डावीकडे, मी शेजारी,
आयड्रिस सायकलवर मागे, उगाचच.
चाकं बोलू लागली, टॅन्सीचा एक कान
सबंध रस्ताभर आमच्याकडे,
दुसरा हेजमधल्या पाखरांकडे.
मेंढ्या बघत होत्या. कुत्रं भुंकून दमलं.
ग्वेंडा काही बोलत नव्हती,
मीही विचारलं नाही, कसं वाटतंय.

चढ संपतो तिथे लाकडी फाटक आहे.
नऊ वर्षं ग्वेंडा इथे उतरायची,
कडी काढून घोडीला आत घ्यायची.
कुणी काही न सांगता टॅन्सी उभी राहिली.
पाठ जराशी ताठ,
वजन उतरायची वाट बघत.
वजन नव्हतंच.
तरी ती उभी होती.
वाऱ्यानं आयाळ एका बाजूला गेली, परत आली.

मी कडी काढायला उठले.
"बस," ग्वेंडा म्हणाली, "माझं फाटक आहे."
लगाम माझ्या हातात दिले,
तोंड टांग्याकडे केलं, दांडी धरली,
आणि हळूच
दुखरा पाय आधी खाली.
टॅन्सीनं लांब श्वास सोडला.
कडी गंजली होती. वेळ लागला.