नोंदीबाहेर

एल्डन प्रुइटचे शब्द मी नऊ वर्षं टिपले,
पाइकव्हिलच्या कोर्टात, न्यायाधीशांच्या पायाशी बसून.
जे बोललं जातं ते सगळं आमच्या बोटांतून जातं,
खोकलासुद्धा. कंस करून लिहायचं: साक्षीदार खोकतो.
हर्शेल स्लोनच्या साक्षीत ते मी एकतीसदा लिहिलं.

कंपनीचा डॉक्टर म्हणाला, खाण नाही, सिगरेट.
एल्डन उठला. तपकिरी कोट, बहुतेक वडिलांचा,
बाह्या पार बोटांवर आलेल्या.
डॉक्टरला त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.
हर्शेलला विचारलं, घराला पायऱ्या किती?
अकरा.
थांबता कुठं?
चौथीवर. मग सातवीवर.
मग व्हर्ना वर दार उघडून धरते,
घरात थंडी शिरते, म्हणून उरलेल्या घाईनं चढतो.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला.
चष्मा पुसल्याची नोंद होत नाही.

पुढं तो सरकारी वकील झाला, लेक्सिंग्टनला गेला.
मग सप्टेंबरातली ती सकाळ,
आणि आठवड्याभरात वॉशिंग्टनहून फोन.
निरोप द्यायला आला तेव्हा म्हणाला,
ओपल, तिकडं तुझ्यासारखं कुणी नसणार.
मला वाटलं, कौतुक करतोय.

तिथं म्हणे मोबाइल दाराबाहेरच्या खणात ठेवून आत जातात.
खोलीला खिडकी नाही.
दिवसाचे कागद संध्याकाळी पट्ट्यापट्ट्यांच्या पिशवीत,
पिशवी भट्टीत.
एल्डन पायरी पायरी चढत गेला,
उपसल्लागार, सल्लागार, मग उपसचिव,
आणि त्याच्या आईनं चर्चमध्ये विचारणाऱ्यांना सांगितलं,
करतो काय ते ठाऊक नाही, पण जेवतो वेळेवर.

एकदा टीव्हीवर दिसला, सिनेटच्या समितीपुढं.
केस पांढरे. कोट मापाचा.
यादीत नावं किती आहेत?
त्याचं उत्तर या दालनात देता येणार नाही.
नाव चुकून आलं असेल तर माणसानं जायचं कुठं?
प्रक्रिया आहे.
कोणती?
त्याचं उत्तर या दालनात
आणि माझ्या लक्षात आलं, मांडीवरच्या उशीवर
माझी बोटं केव्हाची चालू आहेत.

मी त्याला बोल लावत नाही.
कुणी म्हणतं, त्यानं दोन विमानं वाचवली, कुणी म्हणतं, एकही नाही.
जे घडलंच नाही त्याला साक्षीदार कुठून आणणार?
अळीमिळी गुपचिळी, खेळात आम्हीही होतोच,
रात्री गाढ झोपणारे.

गेल्या नोव्हेंबरात आला. निवृत्त.
माझ्या दारच्या पायऱ्या फक्त पाच,
तिसरीवर कठड्याला धरून उभा राहिला.
काखेत स्वतःच्या पुस्तकाचं बाड,
मंजुरीहून परतलेलं, पानोपानी काळ्या पट्ट्या.
हर्शेलचं प्रकरणही त्यात होतं,
आणि पायऱ्यांचा आकडा कुणीतरी काळा केला होता.
आकडे सगळेच काळे करतात, म्हणाला, सवयीनं.
हसला. मग विचारलं, अकराच ना?
अकरा, मी म्हणाले.

कॉफी निवली. बाहेर लेव्हिसाच्या पाण्यावर
कोळशाच्या गाडीचा आवाज येऊन गेला.
मग त्यानं एक नाव सांगितलं.
डेट्रॉइटचा कुणी फळांचा घाऊक व्यापारी,
जन्मतारीख दुसऱ्याच कुणाची,
आईच्या मातीला पोचू शकला नाही.
मला कळलं होतं, म्हणाला, मार्चमध्ये.
सही जूनमध्ये केली.

मी गप्प राहिले.
त्यानं नाव परत सांगितलं, सावकाश,
एकेक अक्षर सुटं करून,
जसं साक्षीदारानं आम्हाला सांगायचं असतं.

मशीन माळ्यावर आहे.
फीत वाळली असेल.
मी शिडी शोधायला उठले.